चहा विचारायचं थांबल्यावर

माझ्या सासूबाई फोटो काढताना कुणाला हसायला सांगत नाहीत. इकडे बघा, असंही म्हणत नाहीत. बहुतेक वेळा तर त्या फोटो काढतच नाहीत, नुसत्या बसून असतात. हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं, कारण तोवर मी त्यांच्याबरोबर कधी गेलेच नव्हते.

बाजारातल्या एका जिन्याखाली माझ्या सासऱ्यांचा स्टुडिओ होता. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर कुठेही न जाणारा रुंद जिना, पुढे एक खुर्ची. सासरे लोकांच्या हनुवट्या उचलायचे, खांदे सरळ करायचे, रडक्या पोरांसमोर खुळखुळा वाजवायचे. सासूबाई मागच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायच्या आणि हात मोकळा झाला की दाराच्या फटीतून बाहेर बघायच्या. त्या सांगतात, "तुझ्या सासऱ्यांचं सगळं लक्ष फोटो निघेपर्यंत. माझं फोटो निघाल्यावर. 'झालं' म्हटलं की माणसाचे खांदे कसे खाली येतात बघ. मग तो खिशात किल्ली चाचपतो, बायकोचा पदर सारखा करतो, नाहीतर उगाच त्या पडद्याला हात लावून बघतो. ते मला आवडायचं. पण तोवर कॅमेऱ्याचं तोंड बंद झालेलं असायचं."

सासरे गेले आणि स्टुडिओही बंद झाला. माझा नवरा बँकेत, त्याला त्या धंद्यात रस नव्हता. सासूबाईंनी पडदा एका नाटक मंडळीला देऊन टाकला आणि तळहातात मावेल असा एक छोटा काळा कॅमेरा घेतला. जेवण उरकलं की त्या पायात चपला सरकवून बाहेर पडायच्या. नवरा म्हणायचा, "आई फिरायला म्हणून जाते आणि लोकांच्या दुकानात ठाण मांडते." त्यात तक्रार कमी आणि काळजी जास्त असायची. एखाद्याने हाकललं तर? पण अजून कुणी हाकललं नव्हतं.

मी एका हॉस्पिटलच्या ऑफिसात काम करते. आमच्याकडे नवी ओपीडी बांधून झाली. तळमजल्यावर लांबच लांब कॉरिडॉर, कडेने बाकं आणि वर पांढऱ्याफटक भिंती. आमच्या मुख्य डॉक्टरांना, म्हणजे सगळे ज्यांना मोठ्या मॅडम म्हणतात त्यांना, त्या भिंतींवर काहीतरी हवं होतं. एका पुरवठादाराने कॅटलॉग पाठवला. त्यात धबधबे होते, उधळलेले घोडे होते, समुद्रावरचे सूर्यास्त होते. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"लघवी तपासणीच्या खोलीबाहेर धबधबा लावायचा का आपण?" त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि हृदयरोगवाल्यांसमोर मावळता सूर्य?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या सासूबाई फोटो काढतात."

बोलून गेले आणि जीभ चावली. मॅडमनी विचारलं, "कसले?"

"कसले म्हणजे... त्यात काही घडत नसतं."

"मग आणा त्यांना," मॅडम म्हणाल्या. "इथे बसणाऱ्यांच्या आयुष्यात तेवढ्यापुरतं भरपूर घडत असतं."

सासूबाई आल्या त्या एक जुनी पिशवी घेऊन. पिशवीत मोठ्या आकारात छापलेले फोटो गुंडाळून ठेवलेले. पहिलाच निघाला तो चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाचा. रस्ता रिकामा आहे, दुपार आहे, आणि तो शर्टाच्या टोकाने चष्मा पुसतोय. चष्म्याविना त्याचा तो दरारा कुठल्या कुठे गेलेला, चेहरा अगदी शाळकरी पोराचा. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या.

"त्याने तुम्हाला बघितलं नाही?"

"बघितलं ना," सासूबाई म्हणाल्या. "बघून बघून कंटाळला तो."

मॅडम हसल्या आणि काम ठरलं. आमच्या हॉस्पिटलच्या आसपास राहणारी, काम करणारी, इथेच औषधपाण्याला येणारी माणसं, त्यांचे डझनभर फोटो. मॅडमची एकच अट होती, कुणीही आजारी दिसता कामा नये. सासूबाईंची अटही एकच होती, कुणीही घाई करता कामा नये. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून पिशवी उचलायला आणि रस्ता ओलांडताना हात धरायला मॅडमनी मला दुपारची सवलत दिली. हात मात्र त्यांनी कधी धरू दिला नाही.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते टेलरमास्तरांकडे. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचं दुकान. दोन मशिनं समोरासमोर, मध्ये कापडाच्या चिंध्यांचा ढीग, भिंतीला खिळ्यांवर अर्धवट शिवलेले कपडे. एका मशिनवर मास्तर, दुसऱ्यावर त्यांची बायको. मास्तर उंच, वाकलेले, कमी बोलणारे. काकू बुटक्या, गोल आणि सदा काहीतरी पुटपुटणाऱ्या. दोऱ्याशी भांडायच्या, मशिनशी भांडायच्या, आणि ह्या दोघांशी भांडून झालं की नवऱ्याकडे वळायच्या.

आत जायला निमित्त हवं म्हणून सासूबाईंनी माझ्या नवऱ्याची एक पँट बरोबर घेतली होती. ती आखूड करायला दिली आणि आम्ही कोपऱ्यातल्या बाकावर बसलो. कॅमेरा सासूबाईंच्या मांडीवर, झाकण लावलेला. त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं, "मी फोटो काढते. हॉस्पिटलच्या भिंतीसाठी. चालेल का? नाही म्हणालात तरी पँट करून द्या."

काकू म्हणाल्या, "आमचे कसले फोटो? ह्यांचं नाक बघा." मास्तरांनी मशिनवरून मान डोलावली. मग आतून चहा आला.

चहा झाला, गप्पा झाल्या, आम्ही उठलो. एकही फोटो नाही. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या खेपेला सासूबाईंनी तीच पँट पुन्हा लांब करायला दिली. नवऱ्याला ऑफिसला जायला पँट सापडेना, आणि मला त्याला काय सांगावं ते कळेना. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "आई, आज तरी एखादा काढायचा होता. उजेड किती छान होता."

"आज त्यांनी चहा विचारला," सासूबाई म्हणाल्या.

"मग?"

"म्हणजे मी अजून पाहुणी आहे. पाहुण्यांसमोर माणूस नीट बसतो. चहा विचारायचं बंद झालं की काढीन."

मला तेव्हा ते थोडं नाटकी वाटलं. पण पुढे खरोखरच एक दिवस चहा आला नाही. काकू मशिनमध्ये डोकं खुपसून बसल्या होत्या, कॉलर वाकडी झाली होती, आणि त्या आमच्याकडे न बघताच म्हणाल्या, "ताई, तुमच्या पायाशी रीळ पडलंय बघा निळं. द्या जरा इकडे." सासूबाईंनी रीळ उचलून दिलं. परत बसल्या आणि हळूच झाकण काढलं.

त्यांचं काम मी पहिल्यांदा बघितलं ते त्या दिवशी. त्या कॅमेरा डोळ्याला लावून शिकार शोधत नव्हत्या. कॅमेरा छातीशी धरून, हात पोटावर टेकवून त्या नुसत्या बघत होत्या, आणि बघता बघता त्यांचा श्वास त्या दोघांच्या कामाच्या लयीला लागला. मशिन चाललं की त्या सैल व्हायच्या. मशिन थांबलं की त्यांचं बोट जागं व्हायचं. नंतर त्यांनीच मला सांगितलं, "काम करतानाचे फोटो कुणीही काढतं. मला एक काम संपून दुसरं सुरू व्हायच्या मधलं हवं असतं. तेवढ्यात माणसाला कुणी काही सांगितलेलं नसतं."

एकदा माझ्यामुळे घोटाळा झाला. मास्तर कात्री हातात धरून खिडकीबाहेर बघत थांबले होते, चेहऱ्यावर दुपारचा उजेड, आणि नेमकी मला शिंक आली. मास्तर दचकले, कात्री खाली ठेवली, सगळं मोडलं. मी ओशाळले. सासूबाई म्हणाल्या, "शिंकलीस ते बरं झालं. मलाही यायला लागली होती." त्या खरं बोलत होत्या की मला सांभाळून घेत होत्या, ते आजही मला माहीत नाही.

टेलरमास्तरांकडचं काम झाल्यावर आम्ही बस डेपोत बसलो. तिथला मेकॅनिक साबणाने आणि लाकडाच्या भुशाने हात घासून धुतो आणि मग दोन्ही तळवे तोंडासमोर धरून क्षणभर बघतो, जणू हे कुणाचे हात म्हणून. तो क्षण सासूबाईंना मिळायला तीन आठवडे लागले. आमच्याच हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यावर एक नर्स ड्युटी संपली की बूट काढून बसते आणि पायाची बोटं हलवते. मी त्या जिन्यावरून रोज जाते. तिला किती वेळा "जरा बाजूला हो" म्हटलं असेल. तिच्या बोटांकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. सासूबाईंच्या फोटोत ती दहा बोटं अशी दिसतात की आपलेच पाय मोकळे झाल्यासारखं वाटतं.

सासूबाईंची आणखी एक रीत होती. काढलेला प्रत्येक फोटो आधी ज्याचा त्याला दाखवायचा. घरच्यांनाही नाही, मलाही नाही, आधी त्याला. ज्या फोटोला तो नको म्हणेल, तो त्याच्यासमोरच पुसून टाकायचा. मेकॅनिकने तीन पुसायला लावले, त्यातला एक त्याला दाखवताना मला दिसला, माझ्या मते तो फारच सुंदर होता. मी हळहळले तर सासूबाई म्हणाल्या, "त्याचा चेहरा आहे. माझा नाही, तुझाही नाही." आणि लगेच चपला घालायला लागल्या, विषय संपला.

फोटो छापून, चौकटी बसवून आले. उद्घाटनाच्या तीनेक आठवडे आधी आम्ही ते कॉरिडॉरमध्ये लावले. रक्त तपासणीच्या खोलीसमोरची मोठी जागा मास्तरांच्या फोटोला मिळाली. त्यात काकू मशिनवर वाकलेल्या आहेत, डोळे कामावर, आणि त्यांनी डावा हात मागे लांबवून दोरा ओवलेली सुई धरलीये. मागे उभे असलेले मास्तर त्यांच्याकडे न बघता ती सुई घेतायत. दोघांची बोटं जेमतेम टेकलीयेत. दोघांपैकी कुणीही कुणाकडे बघत नाही. इतकी वर्षं एका खोलीत राहिलेली माणसं कशी असतात, ते त्या दोन हातांत होतं. मी तो फोटो बघितला आणि घरी जाऊन उगाच नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "काय झालं? परत पँट नेली का?"

आणि मग काकू गेल्या. अचानक. दुपारी मशिनवर बसल्या होत्या, छातीत दुखतंय म्हणाल्या, आणि आमच्याच हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला ऑफिसात बसल्या बसल्या कळलं. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्या भाजी चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि चपला घालून बाहेर पडल्या. कॅमेरा टेबलावरच राहिला.

काही दिवसांनी मास्तर कागदपत्रांसाठी आमच्या ऑफिसात आले. काम झाल्यावर जवळचा रस्ता म्हणून मी त्यांना नव्या कॉरिडॉरमधून घेऊन निघाले. निघेपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नाही की तिथे काय आहे. आठवलं तेव्हा उशीर झाला होता. मास्तर फोटोसमोर थांबले. आजूबाजूला रंगारी दाराला शेवटचा हात मारत होते, रंगाचा वास येत होता. मास्तर बघत राहिले आणि मग माझ्याकडे वळून इतकंच म्हणाले, "हा काढून ठेवाल का?"

"हो, काढते ना," मी म्हटलं. का म्हणून विचारायचं धाडस झालं नाही. ते गेल्यावर मी शिपायाकडून फोटो उतरवून घेतला आणि माझ्या कपाटामागे तोंड भिंतीकडे करून ठेवला.

उद्घाटन दोन दिवसांवर आलेलं. रक्त तपासणीसमोर चौकटीएवढी मोकळी भिंत आणि तिच्यात दोन खिळे. मी सासूबाईंना विचारलं, "दुसरा कुठला तरी लावू या का तिथे? उरलेल्यांत एका बेकरीवाल्याचा आहे, छान आहे."

"नको."

"मग मॅडमना काय सांगू?"

"खरं ते सांग."

मी जाऊन सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं, थोडा वेळ टेबलावरचं पेन फिरवत बसल्या आणि म्हणाल्या, "राहू दे मोकळी. उद्घाटनाला येणारे फोटो बघायला येत नाहीत, स्वतःचा काढून घ्यायला येतात." तसंच झालं. पाहुणे आले, फीत कापली, त्या मोकळ्या भिंतीसमोरच उभं राहून सगळ्यांनी फोटो काढून घेतले. जागा सोयीची होती.

इकडे सासूबाई रोज मास्तरांकडे जात होत्या. मीही ऑफिस सुटल्यावर तिथेच जायचे आणि त्यांना घेऊन घरी यायचे. दुकान अर्धं उघडं असायचं. मास्तर आपल्या मशिनवर बसायचे, पण चालवायचे नाहीत. समोरच्या मशिनवर काकूंनी अर्धवट सोडलेली बाही तशीच सुईखाली. सासूबाई बाकावर बसायच्या. दोघं फारसं बोलत नसत. एकदा त्या चिंध्यांचा ढीग निवडत बसलेल्या दिसल्या, मोठे तुकडे वेगळे, लहान वेगळे. फोटोबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मला राहवेना, रस्त्यात मी विचारलं, "आई, विचारा ना त्यांना, फोटो का नको ते."

"सांगायचं असेल तेव्हा सांगतील. मला बसायची सवय आहे."

शेवटी मास्तरांनीच विषय काढला. त्या दिवशी मी तिथे होते. ते टेपचं टोक बोटाला गुंडाळत होते. म्हणाले, "ताई, तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"कशाचं?"

"तो फोटो मी उतरवायला लावला."

"मला नाही वाटलं."

"फोटो चांगलाच आहे. हात काय सुरेख आलेत. पण ती तशी नव्हती हो." त्यांनी टेप सोडला, परत गुंडाळायला घेतला. "त्यात ती किती शांत दिसते. शहाण्यासारखी. आता येणारेजाणारे बघणार आणि म्हणणार, अरेरे, किती गुणी बाई होती. गुणी कसली? सुई देताना सुद्धा मला आंधळा म्हणाली होती. माझ्या कानात अजून तिची बडबड आहे, आणि तुमच्या फोटोत आवाजच नाही."

मला वाटलं, आता सासूबाई काहीतरी समजुतीचं बोलतील. पण त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. ते नाही पकडता आलं मला."

मी चकित झाले. इतक्या वर्षांत त्यांना आपल्या फोटोबद्दल असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मास्तरही जरा गडबडले. मग चाचरत म्हणाले, "दुसरे आहेत का त्या दिवसांतले? तुम्ही तर बरेच काढले होते."

दुसऱ्या दिवशी आम्ही माझा लॅपटॉप घेऊन गेलो. सासूबाईंनी तो काकूंच्या मशिनवर नाही ठेवला, कापायच्या टेबलावर जागा करून ठेवला. मास्तर वाकून एकेक फोटो बघायला लागले. काकू दोरा दाताने तोडताना. काकू कुणाच्या तरी कोटाचा खिसा उलटा करून आत काय आहे बघताना. काकू जांभई देताना. मास्तर प्रत्येकाशी थांबत होते, आणि प्रत्येकाच्या वेळी त्यांचा खालचा ओठ जरा हलायचा. मग एक फोटो आला आणि ते हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

त्यात काकूंनी लाकडी फूटपट्टी मानेमागून पोलक्यात घातलीये आणि पाठ खाजवतायत. डोळे मिटलेले, तोंड वाकडं, एक खांदा कानाला लागलेला, आणि चेहऱ्यावर असं सुख की विचारू नका. मागे मास्तर चष्म्यावरून त्यांच्याकडे बघतायत.

"हीच," मास्तर म्हणाले. "हीच ती. पट्टी मोडायची अशाने. तीन पट्ट्या मोडल्या. हा लावा तुमच्या भिंतीवर. मोठा करून लावा."

मला तर तिथल्या तिथे पटलं. तो फोटो सुईवाल्यापेक्षा सरस होता, बघणारा प्रत्येक जण हसला असता, आणि रक्त द्यायला बसलेल्यांना तेच तर हवं होतं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

"नाही लावता येणार, मास्तर."

"का? मी सांगतोय ना. माझी बायको आहे."

"वहिनींनी नको म्हटलंय. तुम्ही म्हणालात, तिलाच दाखवा, म्हणून मी त्यांना सगळे दाखवले होते, तुम्ही बाहेर बटणं आणायला गेला होतात तेव्हा. ह्याला त्या पोट धरून हसल्या, आणि म्हणाल्या, हा चारचौघांत लावलात तर तुमची कातडी सोलीन. मी पुसायला लागले तर म्हणाल्या, पुसू नका, ह्यांना द्या, ह्यांना रोजचंच आहे हे ध्यान. मी शब्द दिला त्यांना. म्हणून हा तुमचा आहे, भिंतीचा नाही."

मास्तर टेबलाला धरून उभे राहिले. "पण ती आता कुठे येतेय बघायला," ते म्हणाले. आवाज जरा चढला होता.

"म्हणून तर," सासूबाई म्हणाल्या. "असत्या तर मी त्यांना परत विचारलं असतं, थोडी गळ घातली असती. आता कुणाला विचारू?"

गल्लीतून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मास्तरांनी चष्मा काढला, डोळे पुसले, चष्मा परत घातला. मग अगदी वेगळ्याच आवाजात विचारलं, "आणि तो सुईचा? त्याला काय म्हणाली ती?"

"तो त्यांनीच निवडला," सासूबाई म्हणाल्या. "म्हणाल्या, हा लावा. ह्यात मी बारीक दिसते."

मास्तर सासूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. "बारीक?"

"तुम्हाला सांगू नका असंही म्हणाल्या होत्या. पण ते मी आता सांगितलं, माझी चूक."

मास्तर खाली स्टुलावर बसले आणि इतके हसायला लागले की मला आधी ते रडतायत असंच वाटलं, आणि थोड्या वेळाने ते रडतच होते. सासूबाई उठल्या नाहीत, पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. त्या बाकावर तशाच बसून राहिल्या, आणि मला त्यांनी डोळ्यांनीच खूण केली, बस. मी बसले. आतापर्यंत अशा वेळी मी काहीतरी करायला धावले असते, पाणी आणलं असतं, अहो असं करू नका म्हटलं असतं. त्या दिवशी मी नुसती बसले, आणि बसणं हेसुद्धा अंगमेहनतीचं काम आहे, हे मला तेव्हा कळलं.

शांत झाल्यावर मास्तर म्हणाले, "लावा मग तो. सुईचाच. तिला बारीक दिसायचं होतं तर दिसू दे." आणि जरा थांबून, "तिच्यापुढे माझं कधी चाललंय?"

दुसऱ्या दिवशी मी कपाटामागून फोटो काढला, काच पुसली आणि शिपायाला बोलावलं. मोठ्या मॅडम राउंडला निघाल्या होत्या. त्यांनी थांबून चौकट सरळ आहे का बघितलं, एक कोपरा बोटाने वर केला आणि पुढे गेल्या. पट्टीवाला फोटो सासूबाईंनी छापून मास्तरांना दिला. त्यांनी तो दुकानात नाही लावला. आतल्या खोलीत, पलंगाच्या समोर लावला. मी दारातून एकदाच बघितला.

आता कॉरिडॉरमध्ये माझी रोज दोन-चारदा ये-जा असते. लोक फोटोंकडे बघतात, म्हणजे आधी बघत नाहीत, मोबाइल बघतात, आपल्या चिठ्ठीवरचा नंबर बघतात, आणि मग सगळं बघून संपलं की डोळे भिंतीवर जातात. रक्त द्यायला आलेल्या एक आजी परवा सुनेला सांगत होत्या, "ही बाई कामाची दिसते, पण जिभेने तिखट असणार बघ." सून म्हणाली, "ते तुम्हाला कसं कळलं?" आजी म्हणाल्या, "नवऱ्याचा चेहरा बघ ना." मी घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी गुडघेदुखी विसरून स्वतः कॉरिडॉरमध्ये आल्या. फोटोतल्या मास्तरांच्या चेहऱ्याजवळ जाऊन बघत राहिल्या. भुवई एवढीशी उचललेली होती, मी कधी पाहिली नव्हती.

"मीही नव्हती पाहिली," त्या म्हणाल्या. "हातांकडेच बघत बसले." आणि त्या आजी पुन्हा कधी येणार आहेत, याची त्यांनी मला चौकशी करायला सांगितली.

मास्तरांनी काकूंच्या मशिनवर आता एका बाईला कामाला ठेवलंय. ती फार हळू बोलते, आणि मास्तर तिला सारखे "काय?" म्हणून विचारतात. मॅडमना वरच्या मजल्यासाठीही फोटो हवे आहेत. सासूबाई सध्या एका घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात बसतात. दुकानदार अबोल आहे, मान वर करत नाही, डोळ्याला भिंग लावून दिवसभर काम करतो. मी काल विचारलं, "काढला का एखादा?"

"अजून चहा विचारतोय," सासूबाई म्हणाल्या, आणि वाफ निघणाऱ्या भातावर झाकण ठेवून ताटं घ्यायला लागल्या.